देव कोष्टकात मावत नाही

रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या आणि बनवणाऱ्या मंडळींमध्ये एक मत पक्के रुजलेले आहे. पुराणकथा हा साऱ्या माणसांचा ठेवा आहे, त्यावर कुणाचा ताबा नाही. म्हणून ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, अझ्टेक, हिंदू अशी सगळी दैवते एका मांडवाखाली आणावीत आणि खेळाच्या नियमांत बसवावीत. जो हरकत घेतो तो कर्मठ तरी असतो, नाहीतर त्याला खेळ कळत नाही. या मताचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्ध मला सपशेल अमान्य आहे आणि त्याचा प्रतिवाद करण्यासाठीच हा लेख आहे.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. आपले पात्र काय करू पाहते ते खेळाडू सांगतो आणि ते साधले की फसले हे फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारचा पहिला छापील खेळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधील टीएसआर या कंपनीने तो १९७४ साली बाजारात आणला. दोनच वर्षांनी रॉब कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी लिहिलेली दैवतांची पुरवणी आली आणि १९८० साली तिचे वाढवलेले रूप ‘डेईटीज अँड डेमीगॉड्स’ या नावाने आले. झ्यूस, ओडिन आणि इजिप्तचा रा यांच्याबरोबर या ग्रंथात इंद्र, अग्नी, विष्णू, लक्ष्मी, काली आणि यम आहेत. प्रत्येकापुढे हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार बसल्यावर तो संपेल याचा आकडा. त्याखाली चिलखताचा दर्जा, हल्ल्यांची संख्या आणि तो सुष्ट की दुष्ट याची नोंद.

आज संगणकावरच्या आणि टेबलावरच्या कितीतरी खेळांत दैवते याच साच्यातून येतात. म्हणून वाद त्या ग्रंथापुरता नाही, साच्याशी आहे.

या साच्याला विरोध करणारी सगळीच मंडळी माझ्या बाजूची नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. २००९ साली हैदराबादेत बनलेला हनुमानावरचा एक प्लेस्टेशन गेम आला, तेव्हा अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी त्याला विरोध केला. देवाची हालचाल खेळाडूच्या हातातल्या बटणांवर जाते, हाच देवाचा अवमान, असा त्यांचा मुद्दा होता. २०१२ साली ‘स्माइट’ या खेळातल्या कालीच्या चित्रणावरूनही असाच निषेध झाला. कालीच्या चित्रणावरची टीका समजू शकते. पण देव खेळाच्या हाती लागताच बाटतो, हे म्हणणे आपल्याच परंपरेला धरून नाही.

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. गोल पत्त्यांचा हा संच एकशेवीस पानांचा असतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने. दिवसा डाव मांडला तर रामाच्या राजाने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाच्या. नृसिंहाची, वामनाची पाने जमिनीवर टाकली जातात, डाव जिंकणारा ती उचलून नेतो, हरणारा ती गमावतो. हे पत्ते चितारी समाजाच्या कारागिरांनी रंगवले, सावंतवाडीच्या राजघराण्याने जपले. देव हातात धरून खेळलो म्हणून कुणी प्रायश्चित्त घेतल्याचे कुठे ऐकिवात नाही.

सिंधुदुर्गातला आणि उत्तर गोव्यातला दशावतार तर रोलप्लेइंगच्या आणखी जवळचा. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पेटाऱ्याची पूजा करून मंडळी रंगायला बसतात आणि पहाटेपर्यंत गावातलेच ओळखीचे पुरुष विष्णू, नारद, द्रौपदी होऊन बोलतात. तमाशातल्या गवळणीत कृष्ण गौळणींची भर रस्त्यात अडवणूक करतो. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून माणसे नाचतात. एकनाथांच्या भारुडांत महार, जोगतीण, वासुदेव अशी सोंगे घेऊन अध्यात्म सांगितले जाते. जेजुरीचा वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा मानतो, तसा भुंकतो आणि कोटंब्यातले अन्न खातो. ज्या मातीत भक्तीचा एक मार्गच सोंग घेण्यातून जातो, त्या मातीतल्या माणसाने देवाचे पात्र खेळण्याला विटाळ मानावे हे मला पटत नाही.

तेव्हा देव खेळात यावा की नाही हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच निकाली निघाला आहे. यावा. प्रश्न आहे तो कसा यावा, आणि इथे खेळ बनवणाऱ्या मंडळींचे तीन दावे तपासावे लागतात.

पहिला दावा असा की सगळ्या पुराणकथा सारख्याच जुन्या, म्हणून सारख्याच मोकळ्या. १९८० च्या त्या ग्रंथाची अनुक्रमणिकाच हा दावा खोटा पाडते. त्यात बाबिलोनी, सुमेरी, केल्टिक, फिनिश, चिनी, जपानी दैवते आहेत, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची आहेत, आर्थर राजाचे सरदारही आहेत. ख्रिस्ती, ज्यू आणि इस्लामी श्रद्धेला मात्र त्यात प्रकरण नाही. म्हणजे जिवंत धर्म आणि पुराणकथा यांत रेघ ओढायची असते हे लेखकांना ठाऊक होते. फक्त ती रेघ त्यांनी आपल्या शेजारपाजारच्या श्रद्धांभोवती ओढली आणि ज्या लक्ष्मीची पूजा दर दिवाळीत कोट्यवधी घरांत होते तिला झ्यूसच्या रांगेत बसवले. जिवंत काय आणि मेलेले काय, हे इथे लेखकाच्या पत्त्यावरून ठरले.

तथाकथित मेलेल्या दैवतांचेही तसेच आहे. आइसलंडमध्ये १९७२ साली स्वेनब्यॉर्न बेइन्टेइन्सन या शेतकरी कवीने काही सोबत्यांसह जुन्या नॉर्स श्रद्धेची संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सरकारने तिला धर्म म्हणून मान्यता दिली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात यायच्या आधीची ही गोष्ट. म्हणजे ओडिनपुढे आकडा लिहिला गेला तेव्हा त्याच्या नावाने विधी करणारी माणसे एका देशाच्या सरकारी नोंदीत होती. एखाद्या दैवताला बेवारस ठरवण्याआधी त्याचे कुणी आहे का हे विचारण्याची सवय या क्षेत्राने लावून घेतली नाही, हे त्याचे मूळ दुखणे आहे.

दुसरा दावा असा की खेळाला आकडे लागतात, आणि देवाला आकडा दिला म्हणजे त्याचा अपमान होत नाही. अपमानाचा मुद्दा मीही काढत नाही. १९७६ च्या पुरवणीमागचा हेतू तर चांगलाच होता. खेळाडूंनी आपली पात्रे अवाच्या सवा बलवान करून ठेवली होती, आणि प्रत्यक्ष ओडिनला तीनशे हिट पॉइंट्स असतील तर तुमच्या पात्राची मिजास किती, हे प्रस्तावनेत टिम कॅस्क या संपादकांना दाखवायचे होते. पण ज्याला आकडा असतो तो शून्यावर आणता येतो. मर्यादा दाखवण्यासाठी लिहिलेला आकडा खेळाडूला आव्हानासारखा वाचता येतो. ज्या कोष्टकात चिलखत, घाव आणि मरण एवढेच रकाने आहेत त्यात देवाने यायचे तर तगडा शत्रू होऊनच यावे लागते.

या कोष्टकात विठ्ठलाची नोंद करून पाहा. त्याच्या हातात शस्त्र नाही. कटेवर हात ठेवून तो विटेवर उभा आहे. पंढरीत तो आला तो असुर मारायला आला नव्हता, पुंडलिकाला भेटायला आला आणि आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या भक्ताने थांबायला सांगितले म्हणून थांबला. संतचरित्रांत तो काय करतो? जनाबाईबरोबर जाते ओढतो. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लुटवली, तर विठू महार होऊन बेदरच्या दरबारात रक्कम भरतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी वाहतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत लाडक्या देवाचे सगळे सामर्थ्य भक्ताच्या नात्यात आहे, आणि हिट पॉइंट्सच्या कोष्टकात नात्याला रकाना नाही. विठ्ठलाचे तिथे जे होईल ते पाहिले की लक्ष्मीचे आणि यमाचे काय झाले असेल ते उमगते. त्यांच्याकडून जे घेतले गेले ते शस्त्र आणि वाहन. जे गळाले ते माणूस त्यांच्याशी काय बोलतो, त्यांना काय वाहतो, त्यांच्यावर कसा रुसतो हे.

राक्षसांची गोष्ट याहून बोलकी आहे. या खेळातला राक्षस १९७५ साली अवतरला आणि १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये स्थिरावला. वाघाचे डोके, उलटे तळवे, अंगात उंची कपडे. मंत्रवलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. हा बाण रामायणातला नाही, महाभारतातला नाही. ‘कोल्चॅक’ नावाच्या एका अमेरिकन भयमालिकेच्या भागातून तो आला. ज्याला आपण पुराणकथेचा वापर म्हणतो तो अनेकदा असा टीव्हीच्या कथेचा वापर असतो आणि मूळ परंपरेचे फक्त नाव उरते. जगभरातल्या खेळाडूंच्या पिढ्यांना राक्षस म्हटले की हा वाघतोंड्याच आठवत असेल तर त्यांचा दोष नाही. त्यांना दुसरे काही दाखवलेच गेले नाही.

दाखवण्यासारखे किती होते! खंडोबाने मणी आणि मल्ल यांचा वध केला. मरता मरता मणीने वर मागितला आणि देवाजवळ जागा मिळवली. आज जेजुरीला जाणारा भक्त त्यालाही नमस्कार करतो. मल्लाचे नाव देवाच्याच नावात राहिले आणि खंडोबा मल्हारी झाला. म्हसोबा हा महिषासुराशी नाते सांगणारा देव, आणि दामोदर कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे देवीशी त्याचे वैरही आहे आणि लग्नही. कोकणात शिमग्याला आणि दशावताराच्या आरंभी येणारा संकासुर वेद पळवणारा खलनायक असतो, पण त्याला पाहायला पोरेबाळे जागी राहतात. बलिप्रतिपदेला बळीचे राज्य परत येवो अशी प्रार्थना शेतकऱ्यांच्या घरांत होते, आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त त्याच बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले. या साऱ्यांना सुष्ट-दुष्टाच्या कोणत्या खान्यात टाकणार? मारलेल्याला देवाशेजारी बसवणारी, हरलेल्याची वाट पाहणारी ही परंपरा आहे. तिच्यातला राक्षस फक्त मारून अनुभवाचे गुण मिळवण्यापुरता उरला, की खेळाचेच नुकसान होते. सर्वांत चांगले कथानक त्याच्या हातून निसटते.

इथे खेळ बनवणारा म्हणेल की याहून वेगळे करणे खेळात शक्यच नाही. हा तिसरा दावा, आणि त्याला खेळांच्या इतिहासातच उत्तर आहे. १९७८ साली ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ आला. ज्या ग्लोरांथा या कल्पित जगात तो घडतो ते ग्रेग स्टॅफर्डने निर्माण केले. पुढच्या वर्षीच्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’ या ग्रंथात प्रत्येक दैवताचा पंथ मांडलेला आहे: त्याची कथा कोणती, पंथात प्रवेश कुणाला, देवाला काय द्यायचे, काय पाळायचे, कोणता दुसरा पंथ मित्र आणि कोणता वैरी. पात्राला सामर्थ्य मिळते ते या बांधिलकीतून. देवाच्या पराक्रमाच्या वाटेने पुन्हा चालून पाहण्याची सोयही त्या जगात आहे, आणि वाट चुकली तर तिची किंमत मोजावी लागते. स्टॅफर्डने कल्पित देवांना दिलेला हा मान खऱ्या देवांना इतर खेळांत मिळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. आकडे तिथेही आहेत, फासे तिथेही आहेत. फरक एवढाच की नियम नात्याचे आहेत. शक्य नाही हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

मग या खेळांना नीट वाटेवर आणायचे कसे? निषेधाने ते होत नाही, याचाही पुरावा हाताशी आहे. १९८२ साली व्हर्जिनियात पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. शोकाकुल आईने त्याचा दोष ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर ठेवला आणि १९८३ मध्ये या खेळाविरुद्ध संघटना उभारली. ख्रिस्ती प्रचारकांनीही खेळाला सैतानी ठरवले. कंपनीने काय केले? १९८५ साली दैवतांच्या त्या ग्रंथाचे नाव बदलून ‘लेजंड्स अँड लोअर’ केले, मुखपृष्ठ बदलले आणि आतला मजकूर जवळपास तसाच ठेवला. १९८९ च्या आवृत्तीत डेमन आणि डेव्हिल हे शब्द काढले आणि पुढे त्याच प्राण्यांना नवी नावे दिली. दबावाने लेबल बदलले. दैवतांचे प्रकरण एका ओळीनेही खोल झाले नाही. हिंदू देवांच्या नावाने गुन्हे दाखल करण्याचा मार्ग ज्यांना आकर्षक वाटतो त्यांनी हा इतिहास पाहावा. भीती घातली तर कंपन्या आपले देव वगळतील, किंवा इंद्राचे नाव बदलून त्याच कोष्टकात ठेवतील. ख्रिस्ती-इस्लामी श्रद्धांना त्या ग्रंथातून सूट मिळाली ती आदरापोटी की धास्तीपोटी, हे मी सांगू शकत नाही. पण धास्तीपोटी मिळणारी सूट आपल्याला नको. आपल्याला समज हवी.

या निषेधांत आणखी एक धोका दडलेला असतो. हिंदू देवाचे योग्य चित्रण कोणते हे ठरवायला जो पुढे येतो, तो बहुधा पोथीतला आणि कॅलेंडरवरचा देव घेऊन येतो. त्याच्या यादीत म्हसोबा नसतो, मरीआई नसते, खंडोबाची धनगर बायको बानू नसते, नैवेद्याचा बकरा नसतो. अमेरिकन लेखकाने पोथीतली नावे उचलली आणि गावकुसाबाहेरची दैवते त्याला दिसलीच नाहीत. आपल्या रक्षकांनाही ती दिसत नसतील तर दोघांच्या चुकीत फारसे अंतर नाही.

अधिकार कुणाचा, असे मला कुणी विचारेल. जन्मावर अधिकार ठरवावा असे मी म्हणत नाही. गुंथर सोन्थायमर जर्मन होते आणि खंडोबाबद्दल, धनगरांच्या ओव्यांबद्दल त्यांना जे ठाऊक होते ते अनेक मराठी पदवीधरांना ठाऊक नसते. त्यांनी ते गावोगाव हिंडून, धनगरांबरोबर बसून मिळवले. अधिकार असा कष्टाने येतो. तरी आतून लिहिणारा माणूस टेबलावर असला की फरक पडतो, हेही खरे. २०२२ साली याच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी वेगवेगळ्या संस्कृतींतून आलेल्या लेखकांकडून साहसकथा लिहून घेतल्या आणि त्यात कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या नद्यांचा आणि लोककथांचा आधार घेतलेली कथा लिहिली. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा व्हिडिओ गेम आणला. त्यात खेळाडू असते सर्कशीतली एक मुलगी, हरवलेल्या भावाला शोधणारी. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात आणि देव तिला शस्त्रे देतात. देवाला बटणांनी चालवायचे नाही आणि देवाला मारायचेही नाही. देवाच्या नजरेखाली माणसाने धडपडायचे. त्या खेळातले असुर अजून फक्त असुर आहेत, ही उणीव मला जाणवते. पण दिशा योग्य आहे, आणि ती पुण्यातून निघाली याचा मला अभिमान आहे.

म्हणून माझे मागणे मराठी खेळकर्त्यांकडे आहे, आणि ते आग्रहाचे आहे. तयार कोष्टकात मराठी नावे भरू नका. रा. चिं. ढेरे यांचे विठ्ठलावरचे आणि खंडोबावरचे ग्रंथ वाचा, सोन्थायमर आणि कोसंबी वाचा, जत्रेला जा, रात्रभर दशावतार पाहा, जागरणात वाघ्या-मुरळीचे ऐका. खंडोबा बानूसाठी वेषांतर करून तिच्या बापाच्या मेंढ्या राखतो आणि घरी म्हाळसा संतापते, यात एका संपूर्ण खेळाचा ऐवज आहे. दामाजीच्या दुष्काळात कोठार उघडायचे की नाही, हा निर्णय खेळाडूपुढे ठेवा. कोणत्याही ड्रॅगनपेक्षा तो अवघड ठरेल. नवस बोलल्यावर फेडावा लागतो, हा नियम करा. मारलेल्या असुराला वर मागण्याचा हक्क द्या.

आणि खेळणाऱ्यांनो, तुमच्या टेबलावर एखादे दैवत आले की त्याचे हिट पॉइंट्स विचारण्याआधी त्याचे भक्त कोण, ते त्याला काय वाहतात आणि त्याच्याशी कशावरून भांडतात, हे विचारा. खेळ चालवणाऱ्याकडे उत्तर नसेल तर ते शोधून पुढच्या बैठकीला यायला सांगा. देवाला खेळात जरूर आणा. पण त्याला एकट्याला आणू नका. त्याचे गाव, त्याची माणसे आणि त्याने हरवलेला वैरीही बरोबर येऊ द्या.